पाटावरचा लॅपटॉप

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की ती आधी माझ्यापुढे येई. मिक्सर, इस्त्री, विहिरीवरचा पंप, सगळ्यांची वैद्य मीच. लग्न न केलेली थोरली मुलगी घरात असली की तिला दुरुस्ती येतेच, असं लोक धरून चालतात. त्यातून मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणजे बोलायलाच नको. राग मात्र माझा नाकाच्या शेंड्यावर. वस्तूनं दोनदा ऐकलं नाही की तिसऱ्यांदा मी तिच्या पाठीत धपाटा घालते, आणि खोटं कशाला सांगू, निम्म्या वस्तू त्यानंच चालू होतात. धाकटीचा लॅपटॉप मात्र धपाट्यालाही बधला नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा ती लग्न होऊन कॅनडाला गेली आणि वर्षाच्या आत तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि इकडून कुणी जावं तर आम्हा तिघांपैकी एकाकडेही पासपोर्ट नव्हता. आमची धाव दापोलीच्या मावशीपर्यंत. रत्नागिरीहून सकाळची एसटी धरायची आणि आंबलेल्या अंगानं दुपारी उतरायचं, एवढाच आमचा परदेश.

आईला ऐकू येत नसे. मी दहा-अकरा वर्षांची आणि धाकटी जेमतेम दोनची असताना तिला विषमज्वर झाला. तापातून आई उठली, कान उठले नाहीत. बोलायची ती पूर्वीसारखीच, फक्त आपला आवाज किती चढलाय ते तिला कळायचं नाही. बाबांच्या ओठांवरून तिला सगळं समजे. माझेही ओठ वाचायची, पण "तू भांडल्यासारखी बोलत्येस गो, शब्द तुटतात," अशी तिची कायमची तक्रार. धाकटी तर बोलायला शिकली तीच आईशी हातांनी. त्या दोघींची एक वेगळीच भाषा झाली होती. तळहात खरवडला की फणस, कमरेवर हात ठेवला की शेजारच्या काकू, आणि दोन बोटांनी कपाळाला आठी घातली की मी. मला त्यातलं निम्मं कळे, बाबांना त्याहून कमी. त्यांना शिकायची गरजच पडली नाही.

धाकटीचा फोन आला की आईबाबा दोघं एका रिसीव्हरला लागत. बोलायचं टोक आईच्या तोंडाशी, ऐकायचं बाबांच्या कानाशी, असा तो दोन डोक्यांच्या मधे तिरका धरलेला. आई ओरडून विचारी. बाबा ऐकत, मग मान वळवून, एकेक शब्द सुटा करून, आईला ओठांनी सांगत. त्या वेळी घरात कुणी हसायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. बाबा या कामासाठी अंगात शर्ट घालून बसत.

पण सातवा महिना लागला तशी आईला घोर लागला. "आवाज तुम्हाला येतो," ती बाबांना म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय. पहिलटकरीण पोर, परक्या मुलखात. एकदा डोळे भरून बघू दे, मग माझं काही म्हणणं नाही."

जावयांच्या कचेरीतून बाद झालेला एक लॅपटॉप त्यांच्या मित्राबरोबर आला तो त्यामुळे. त्याची वेबकॅम लावायची दोन्ही भोकं खिळखिळी झालेली होती. म्हणून सोबत डॉकिंग स्टेशन नावाची एक जाड चपटी बैठक पाठवली होती. लॅपटॉप तिच्यावर बसवायचा, विजेची वायर तिला, कॅमेराही तिलाच. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी 'पाट' म्हटलं आणि तेच नाव पडलं. "बसला का पाटावर?" असं ते लॅपटॉपबद्दल विचारत, जसं काही आता त्याला वाढायचंच आहे. खिडकीजवळचा प्लग पावसाळ्यात ओल येऊन जळला होता, म्हणून मी वायर भिंतीच्या कडेकडेनं दाराजवळच्या बोर्डापर्यंत नेली.

पहिल्या रविवारी सकाळी आम्ही तिघं ओळीनं बसलो. तिकडे शनिवारची रात्र. चौकोनात धाकटी आली आणि आई एवढ्या मोठ्यानं "बाय माझी!" म्हणाली की कुंपणाच्या गडग्यावरचे कावळे उडाले. चित्र अडखळत येई, ओठ वाचणं अशक्य. धाकटीनं ते लगेच ओळखलं आणि हात वर केले. एकेक खूण ती हवेत तशीच धरून ठेवायची, चित्र येऊन पोचेपर्यंत. आईनं तिला उभी राहायला लावलं, बाजूनं वळायला लावलं. मग आई म्हणाली, "पाय दाखव," आणि धाकटी खुर्चीवर पाय घेते न घेते तोच पडदा जरासा मंद झाला, गचकला, आणि सगळा निळा. त्यावर इंग्रजीत पांढऱ्या ओळी. लॅपटॉप कोसळला होता.

मी कॅमेरा उपटला, लॅपटॉप पाटावरून उतरवून पुन्हा बसवला, बोर्डावरची बटणं झाडून सगळी बंद केली आणि झाडून सगळी पुन्हा चालू केली. तो उठून बसेपर्यंत धाकटीकडे मध्यरात्र होऊन गेली होती. आई त्या निळ्या पडद्यासमोर तशीच बसून होती, आता येईल मग येईल म्हणून.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच, आणि पाय काही दिसले नाहीत. दर वेळी आठ-दहा मिनिटं छान जात आणि मग निळं. बाबा गडबड ऐकून दारात येऊन विचारत, "काय गो, पुन्हा गेला?" आणि "हल्लीच्या वस्तूच तशा," म्हणून निघून जात. आईनं लॅपटॉपवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मला ते पटलं नाही, पण माझ्याकडे त्याहून बरा उपाय होता असंही नाही.

मारुती मंदिराजवळच्या दुकानात मी सगळा संसार रिक्षातून नेला. तिथे तो तासभर शहाण्यासारखा वागला. दुकानदार म्हणाला, मॅडम, यात काहीच नाही, हवं तर फॉरमॅट मारू. फॉरमॅट मारला. घरी आणून मी संध्याकाळी एकटीच कॅमेऱ्यासमोर वह्या तपासत बसले, माझंच आंबट तोंड बघत. काही झालं नाही. रविवारी आई बसली आणि आठव्या मिनिटाला निळं. भारनियमन म्हणावं, तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. इकडे धाकटीचे दिवस भरत आले. डॉक्टरीणबाई आता केव्हाही म्हणत होत्या, आणि आईचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मला त्या यंत्राचा असा संताप आला की विहिरीत टाकावंसं वाटलं.

शेवटी शाळेत मुलांना जे सांगते ते मी स्वतःला सांगितलं, की आपलं थांबव आणि दुसऱ्याला काय दिसलं ते विचार. धाकटीला फोन लावला. "कोसळायच्या आधी तुला शेवटचं काय दिसतं?"

तिनं जरा आठवलं. "बाबांची पाठ," ती म्हणाली. "बाबा उठून जातात, आणि मग सगळं थांबतं."

पुढच्या रविवारी मी पडद्याकडे बघितलंच नाही, बाबांकडे बघत बसले. ते शर्ट घालून, भांग पाडून आले होते. "बरी आहेस ना गो?" त्यांनी विचारलं. "हो बाबा," ती म्हणाली. एवढंच. मग आई पुढे सरकली, आणि मायलेकींचे हात सुरू झाले. बाबा थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्यानं बसले. एकदा धाकटीच्या हातांकडे बघत, एकदा आईच्या तोंडाकडे. आईनं एकदाही त्यांच्याकडे वळून बघितलं नाही, तिला सवड कुठे होती? बाबांनी गुडघ्यांवरून हात फिरवले, खुर्ची न वाजवता उठले आणि दाराकडे गेले. तिथे बोर्डावरच्या एका बटणाचा लाल दिवा जळत होता. जन्मभर ज्या माणसानं कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना जळणारा दिवा मागे सोडला नाही, त्याचा अंगठा आपोआप वर गेला. टक्. पडदा मंद झाला आणि निळा.

सगळं माझ्या लख्ख ध्यानात आलं. पाटाची वीज तुटली की लॅपटॉप मुकाट्यानं आपल्या बॅटरीवर जाई, त्याला काही होत नसे. पण त्या बदलाबदलीत चालू कॅमेऱ्याचा जीव क्षणभर जाई, आणि लॅपटॉप त्यानं बावचळून कोसळे. एरवी कॅमेरा लावलेला नसायचा, म्हणून ते बटण बंद झालेलं कुणाला कळायचंही नाही. आणि कोसळल्यावर बोर्डावरची सगळी बटणं खालीवर करून पुरावा पुसून टाकायचं काम मी दर रविवारी न चुकता करत होते.

"बाबा!" म्हणून मी जी उठले ती चांगली फैलावर घ्यायलाच. बाबा मागच्या पडवीत बसले होते, खराट्यासाठी माडाच्या झावळीचे हीर काढत. अंगात तो चांगला शर्ट तसाच.

"तुम्ही बटण बंद करता दर वेळी."

त्यांनी वर बघितलं. जरा वेळानं त्यांना उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे होतं होय?" ते म्हणाले. "अरे देवा. सवयच गो ती."

"पण उठता कशाला मुळात?"

त्यांनी एक हीर निवांतपणे सोलून बाजूला ठेवला. "मी बसून काय करू? मला त्यांचं काही कळत नाही. फोनवर माझं काम होतं. आता तुझी आई स्वतः बघत्ये, चांगलंच आहे की. किती दिवस तिला तेच हवं होतं." ते कुरकुरत नव्हते, हेच मला सोसेना. रागवायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं आणि त्यांच्याशेजारी बसून चार हीर सोलले, तेही वाकडे.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. बटणावर चिकटपट्टी लावली. "चिकटपट्टी कशाला, सांगितलंस ना, नाही करणार," बाबा म्हणाले. ती राहू दिली. आईला मी दुपारी सगळं सांगितलं, शक्य तेवढं न भांडता. बाबा पडवीत काय म्हणाले तेही सांगितलं. ती आमटीला फोडणी घालायला उठून गेली.

पुढचा रविवार बाळंतपणाआधीचा शेवटचा ठरेल हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पडदा उजळला, धाकटी आली. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली काळं. बाबा "बरी आहेस ना?" म्हणून झाल्यावर उठायला लागले, तशी आईनं त्यांच्या शर्टाची बाही धरली. खाली बसवलं. बाही सोडली नाही.

मग तिनं धाकटीला नीट न्याहाळलं. "अंगठी कुठाय?" ती ओरडली.

धाकटीचे हात वर आले. बोटं फुगवून दाखवली, पायांकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवून मान हलवली. मला, अर्ध्या अडाणी माणसालाही, ते कळलं. अंगठी बसत नाही, पाय सुजलेत, रात्री भीती वाटते. आईनं पापणीसुद्धा न हलवता सगळं बघितलं. महिनोन् महिने याच्यासाठी तिचा जीव तुटत होता.

आणि मग तिनं पडद्याकडे पाठ केली. पूर्ण वळून ती बाबांसमोर बसली, त्यांच्या ओठांवर डोळे लावून. "काय म्हणत्ये ती?" तिनं विचारलं.

बाबा गोंधळले. पडद्यावर धाकटीनं क्षणभर आईची पाठ बघितली. ती आईचीच लेक, तिला सांगावं लागलं नाही. तिनं हात खाली घेतले आणि तोंडानं बोलली. "बाबा, आईला सांगा, थोडी सूज आहे. डॉक्टर म्हणतात या दिवसांत होते."

बाबा ताठ बसले. आईकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "थोडी सूज आहे. डॉक्टर म्हणतात, या दिवसांत होते. तू काळजी करू नको, म्हणत्ये." शेवटचं वाक्य धाकटीनं म्हटलं नव्हतं.

आईनं ते नीट वाचलं आणि मान डोलावली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्या खोलीत माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"विचारा तिला," आई म्हणाली, "रात्री कुशीवर झोपत्ये ना?" तिचा तो आवाज पडवीपलीकडच्या विहिरीपर्यंत गेला असेल, कॅनडात तर गेलाच. धाकटीनं तो स्वच्छ ऐकला. पण ती हात मांडीवर ठेवून, बाबांकडे बघत थांबली. बाबांनी घसा साफ केला आणि विचारलं.