बटणावरचं कुंकू

“तडीरी अक्का, आधी लॉग बघू.”

खोलीला आग लागली असती तरी हा माणूस हेच म्हणाला असता. थांबा म्हणायला त्याला कन्नडच लागायचं. मग पडद्यावर बोट ठेवून तो मशीननं लिहिलेली ओळन् ओळ वाचायचा, पोथी वाचावी तशी. ज्याच्या शांतपणानं आपलं डोकं तापतं, असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

धारवाडच्या मळमड्डीत तो आमच्या शेजारी राहायचा. त्याची आई गाव सोडायला तयार नव्हती, म्हणून बंगळूरची नोकरी सोडून आलेला. मी तेव्हा एकसष्टची, म्हणजे अगदीच पोर. कॉलेजच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाले तरी संस्थेनं मला ठेवून घेतलं होतं, आणि माझ्यावाचून संस्थेचं पान हलत नाही अशी माझी खात्री होती. निकालांचं नवं सॉफ्टवेअर बसवायचं काम मीच त्याला मिळवून दिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना चालवून दाखवायचं. चाललं तर पुढची देखभाल त्याच्याकडे, म्हणजे गावातच राहणं. नाही चाललं तर काम बंगळूरच्या कंपनीला.

त्यानं मला एकदा समजावलं होतं. हे सॉफ्टवेअर सलग नसतं, डब्याडब्यांत भरलेलं असतं, कंटेनर म्हणतात. ते डबे चार मशीनांवर वाटलेले. एक मशीन बसलं तर बाकीची तीन त्याचे डबे उचलतात. “पण ती सोय अजून पुरी झालेली नाही, अक्का,” हे पुढचं वाक्य माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही. वाक्य अर्ध्यावर असतानाच मला सगळं कळायचं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. तो सुट्टीवर होता, मशीनांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. चौघांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तरी ती आपली घुरघुरतच होती. निदान एकाला तरी विसावा, म्हणून मी तिसऱ्याचं विजेचं बटण दाबलं. दसऱ्याच्या सकाळी जाऊन पुन्हा दाबलं. दिवे लागले. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

दुपारी तो आला तर पडदाभर तांबड्या ओळी. निकालांचा डबा उभा राही, कोसळे, पुन्हा उभा राही. मी म्हटलं, अरे, सगळं बंद करून चालू कर, आमचा टीव्ही तसाच येतो. त्यानं मानही वळवली नाही. “बंद केलं की कारण निघून जातं, अक्का.”

मग त्याचं पारायण सुरू झालं. डबा का पडतो? त्याला निकालांची साठवण सापडत नाही. का सापडत नाही? ती तिसऱ्या मशीनवर आहे. ही मशीनं तारखेची ओळखपत्रं दाखवून एकमेकांशी बोलतात, आणि बाकीची तिघं तिसऱ्याला ओळख देईनात. घरोघरी सोनं म्हणून बन्नीची पानं वाटली जात होती आणि हा वहीत बाण काढत बसलेला. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष यायला दहा मिनिटं असताना त्याला सापडलं. तिसऱ्या मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. आतली बटणाएवढी बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज तोडताच ते वेळ विसरलं. त्याच्या हिशेबानं आजच्या ओळखपत्रांचा अजून जन्मच व्हायचा होता.

तो मशीनपाशी वाकला. बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि बटण पुसलं.

अध्यक्षांनी आत येताच कारण विचारलं.

“घड्याळ मागे पडलं, साहेब. मी आधी तपासायला हवं होतं.”

अजून तासभर लागेल म्हटल्यावर ते वीस मिनिटं बसले आणि गेले. दोन वाजता सॉफ्टवेअर झकास चालू लागलं. बघायला मी एकटी.

त्यानंतर संस्थेची सभा झाली, तिचं इतिवृत्त लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर सुंदर. ‘पूर्वतपासणी न केल्यामुळे विलंब झाला, पुढील काम अन्य कंपनीस द्यावे.’ एकही खाडाखोड नाही. त्याला मान्य असल्याच्या सहीसाठी बोलावलं. त्यानं बोट ठेवून पहिल्यापासून सगळं वाचलं आणि सही केली. तोंड उघडायला मला तेव्हा पुरी दोन मिनिटं होती.

महिन्याभरात तो बंगळूरला निघाला, आईला घेऊन. टॅक्सीत बसवल्यावर त्या माउलीनं खिडकीतून माझा हात धरला. “तुमच्यामुळे आठ महिने तरी पोरगं घरी राहिलं हो.”

मी म्हटलं, “वहिनी, ते काम...”

“अक्का,” तो पुढच्या सीटवरून म्हणाला, “तिला ऊन लागतंय. निघतो.”

टॅक्सी कोपऱ्यावर वळली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुवाच्य अक्षरात नोंदवलेली मी, रस्त्यात हात हलवत उभी राहिले.