शशीदादांचं गाऱ्हाणं

चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपले शशीदादा गेले’ असा मेसेज आला आणि खाली त्यांचा फोटो. नेमका माझ्या नाटकाच्या वेळचा. गळ्यात हार, हातात नारळ, आणि खांद्यामागे माझा अर्धा चेहरा. तो मेसेज येऊन दीडेक महिना झाला. सगळ्यांचं लिहून झालं... देवमाणूस होता, काळाचौकीचं नाटक पोरकं झालं, वगैरे. मी काय लिहू? माझा राग अजून गेलेला नाही आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस गेला.

शशीदादा आमच्याच मजल्यावरचे. नोकरी पोस्टात, पण जीव चाळीच्या नाट्यमंडळात. गणपतीत पटांगणातल्या स्टेजवर दरवर्षी एक नाटक ते बसवायचे. दिग्दर्शन म्हणजे आरडाओरडा, असा त्यांचा ठाम समज होता. संवाद विसरणाऱ्याला आईबापासकट उद्धरायचे आणि तालीम संपली की पहिली भजी त्यालाच द्यायचे. दहावीत असताना वर्गातला एक मुलगा मला आवडायचा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर त्यांना, आणि तेही तिशीचा झाल्यावर. त्यांनी गळ्यातली तालमीची शिट्टी काढून शबनममध्ये ठेवली. मग म्हणाले, “लिही. मी बसवतो.” इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मी लिहिलं. एका बाकावर बसणारी दहावीतली दोन मुलं. शेवटी एक म्हणतो, “तू मला आवडतोस.” दुसरा फक्त मधलं दप्तर उचलून मांडीवर घेतो आणि त्याला जागा करून देतो. पडदा. तालमीत पोरं फिदीफिदी हसायला लागली तेव्हा दादा कडाडले, “हसतंस कित्याक रे? माया ती माया!” मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

प्रयोगाआधी विंगेत गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत. सगळे हात जोडून उभे, आणि दादा देवाला सांगतायत, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर ता पदरात घे रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मग मी समोर जाऊन आईशेजारी बसलो. शेवटचा प्रसंग आला. “तू मला आवडतोस.” पटांगण चिडीचूप. आणि त्याच पोराने टाळी वाजवून पुढे म्हटलं, “कसं वाटलं? पिंकीला बोलायची प्रॅक्टिस करतोय रे!” दुसरा पोट धरून हसला. अख्खं पटांगण हसलं. सुटलो एकदाचे, असं ते हसणं होतं. आईसुद्धा हसली... लगेच दादांनी खाली येऊन, माझा हात धरून मला स्टेजवर ओढलं, “हे आमचे लेखक!”

शेवट बदला, असा मंडळाच्या कमिटीने त्यांना दम भरला होता, हे नंतर कळलं. नव्या शेवटाच्या तालमी त्यांच्या खोलीत झाल्या होत्या, मी ऑफिसात असताना. पोरांना माहीत, कमिटीला माहीत, चहा करून देणाऱ्या वहिनींना माहीत. देवाकडे माफी मागितली ती त्याच चुकीची, आणि जी अजून घडायची होती तिला मीच ‘व्हय’ म्हणून बसलो होतो. देवाला विश्वासात घेतलं दादांनी, मला नाही.

“निदान सांगायचं तरी!” मी दादांना म्हणालो.

“सांगितलं असतं तर तू नाटकच काढून घेतलं असतंस.”

घेतलंच असतं. ते माझं नाटक होतं. पुढे जिन्यात मला बघून पोरं ‘पिंकी, पिंकी’ करायला लागली. आईने एकदा ऐकलं आणि त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. वर्ष संपायच्या आत मी डोंबिवलीला खोली घेतली. दादा सामान उतरवायला आले होते. सगळ्यांत जड ट्रंक त्यांनीच उचलली, मी नको म्हणत असताना.

परवा भेटायला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. खुंटीवर दादांची तालमीची शबनम अजून तशीच आहे, शिट्टीची दोरी बाहेर लोंबतेय. वहिनींनी चहा ठेवला. म्हणाल्या, “तुझ्यावर फार जीव होता रे त्यांचा. पण करणार काय? आम्हाला ह्याच चाळीत राहायचं होतं ना...”

“मलाही राहायचं होतं, वहिनी.”