न मिळालेला चारित्र्याचा दाखला

निकाल लागले की रविवारी सकाळी दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पडायचा. सोसायटीतली नुकती कॉलेज संपवलेली मुलंमुली बाबांची अंघोळ होण्याची वाट बघत बसायची. बाबा केंद्र सरकारात राजपत्रित अधिकारी होते, आणि त्या काळात गुणपत्रिकेची झेरॉक्स अशा अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याशिवाय कुठंच चालत नसे. गुडगाव-नोएडाला नव्या कंपन्या उघडत होत्या, जो तो अर्ज करत सुटला होता, आणि प्रत्येक अर्जाला बाबांची हिरव्या शाईतली सही लागत होती. आई चहा करून करून कावायची.

सही फुकट होती, पण तिच्यासोबत प्रवचन ऐकावं लागे. बाबा मूळ प्रमाणपत्र आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवत, ओळीवरून बोट फिरवत आणि तोंडानं बोलत राहत. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, सख्ख्या मित्रानं म्हटलं तरी नाही. लक्ष्मीनगरला खोली घेतलीत तर आधी करार वाचा, मग घरमालकाला अंकल म्हणा. मित्राची मोटारसायकल चालवायची हौस आली तर आधी तिचे कागद बघा. मूळ प्रमाणपत्र दाखवायचं आणि परत घ्यायचं, कुणाकडे सोडून यायचं नाही. समोरचा जे काही कबूल करेल ते लेखी घ्या. आणि पोलिसानं अडवलं तर ‘तू जानता नहीं मेरा बाप कौन है’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

“अंकल, दिल्ली में तो सब यही बोलते हैं,” खालच्या मजल्यावरचा एकजण म्हणाला होता.

“हाँ, और जिसका बाप सचमुच कुछ होता है, वो नहीं बोलता,” बाबा म्हणाले आणि शिक्का मारला.

या प्रवचनामागे त्यांची भीती होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून उमेदवाराची चौकशी व्हायची, आणि तिचे अहवाल बाबांच्या टेबलावरून जायचे. बस स्टॉपवरच्या कसल्याशा मारामारीत नाव आलं म्हणून निवड झालेल्या मुलाची नेमणूक वर्षानुवर्षं लटकलेली त्यांनी पाहिली होती. “पोरगं सरळ असतं गं, फाईल वाकडी होते,” असं ते आईला सांगायचे.

सहीखेरीज ते चारित्र्याचा दाखलाही देत. त्याचा मजकूर मला पाठ झाला होता: मी यांना गेली तीन वर्षं ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे यांचं चारित्र्य चांगलं आहे, आणि हे माझ्या नात्यातले नाहीत. माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे तो दाखला होता. ज्या मैत्रिणीबरोबर मी कॉलेज बुडवून कनॉट प्लेसला भटकायचे, तिचं चारित्र्यसुद्धा बाबांनी चांगलं ठरवलं होतं. मी मागितला तेव्हा म्हणाले, “तुला कसा देऊ? तू नात्यातली.” मी शेजारच्या सोसायटीतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडून आणला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही. मला फार लागलं होतं ते. नियम मला कळत होता, पण मला बाबांच्या हातचंच हवं होतं.

मग मला गुडगावच्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली. रुजू होण्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली. तीन वर्षं आमच्याकडे सुरक्षित राहतील, म्हणाले. रांगेतले सगळे देत होते, मीही दिली. घरचं प्रवचन घरच्यांच्या कानात शिरत नाही, हेच खरं. काही महिन्यांनी मला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला अर्ज करायची ओढ लागली. शिकवणं हेच मला मनापासून करायचं होतं. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली, आणि मी झेरॉक्स घेऊन बाबांसमोर बसले.

“मूळ कुठंय?”

“बाबा, तुम्ही पाहिलंय की. पेढे तुम्हीच वाटलेत.”

“तेव्हा पाहिलं. सही आज करायचीय.”

मग मला सांगावंच लागलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं.

“पावती दिली त्यांनी?”

“नाही.”

“अच्छा,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर गुडगावच्या बसमध्ये चढले.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धवट रस्ते, मोहरीची शेतं आणि मधूनच एखादी काचेची इमारत. स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बाबा रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन बसले. टाय लावलेला मॅनेजर आला. तो माझ्याहून फार मोठा नसेल. “अंकल, ये कंपनी की पॉलिसी है.”

“बिल्कुल,” बाबा म्हणाले. “तो यही लिखकर दे दीजिए. कि इसके असली कागज आपके पास हैं, और क्यों हैं.”

तो आत गेला, बाहेर आला, वेगळं काहीतरी सांगू लागला. बाबांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. तो पुन्हा आत गेला. लिहून द्यायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी वैतागून त्यानं विचारलं, “आप वकील हैं? आप किस हैसियत से बात कर रहे हैं?”

मला वाटलं, आता बाबा आपला हुद्दा सांगणार. मनातून मला ते हवंही होतं. बाबा उभे राहिले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, “मैं इसे जन्म से जानता हूँ. मेरी जानकारी में इसका चरित्र अच्छा है. और ये मेरे रिश्ते में है.”

मी काचेबाहेर बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्या मॅनेजरला दिसू द्यायचे नव्हते. थोड्या वेळानं पाकीट आलं. बाबांनी एकेक कागद तपासून मगच बॅगेत ठेवला.

परतीच्या वाटेवर ते मला कोपर्निकस मार्गावर घेऊन गेले. तिथल्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात थालीपीठ मिळायचं. खाताना त्यांनी कंपनीचं नावही काढलं नाही. दही चांगलं आहे म्हणाले, आणि झेरॉक्स घेऊन रविवारी यायला सांगितलं. रविवारी मी खरंच इतरांच्या मागे नंबर लावून बसले.

आता मी शाळेतून निवृत्त व्हायला आले आहे. झेरॉक्सवर आता ज्याची त्यानंच सही करायची असते, हिरव्या शाईवाचून कुणाचं अडत नाही. सोसायटीतली मुलं सगळे कागद फोनमध्ये घेऊन हिंडतात. रविवारी दाराबाहेर माझ्या एकटीच्या चपला असतात, आणि त्या ढिगाची मला इतकी आठवण येते की कधीकधी उगाच दार उघडून बघते.

आईच्या पेन्शनसाठी बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती द्यायच्या होत्या. तिच्या वतीनं अर्ज मी करत होते, त्यामुळे सही माझीच चालणार होती. मूळ दाखला शेजारी ठेवून मी ओळीवरून बोट फिरवत सगळं ताडून पाहिलं, मग खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, मधे त्यांचं नाव असलेलं.

त्या काचेच्या इमारतीत ते जे बोलले, ते मी आणि तो मॅनेजर, दोघांनीच ऐकलं होतं. त्याला ते आठवत असण्याचं काही कारण नाही. सगळं लेखी घ्या, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाकडून तेवढं एक लेखी घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं.