कापलेली चार मिनिटं

अस्सी घाटाजवळच्या एका दोन खोल्यांच्या गॅलरीत माझं पहिलं प्रदर्शन होतं. तीन पडद्यांवर माझे बाबा घनपाठ म्हणत होते. एकावर त्यांचे ओठ, दुसऱ्यावर हात, तिसऱ्यावर रामघाटावरच्या आमच्या घराची भिंत. घनपाठ म्हणजे ऋचेतले शब्द पुढे-मागे फिरवत म्हणायचे. आमच्याकडे मुलींना तो शिकवत नसत, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला हवा होता तो बाबांचा आवाज आणि श्वास.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या ऋचा खडूने जमिनीवर लिहायची मला हुक्की आली. पोथी उघडली, बाबांच्या आवाजाबरोबर बोट फिरवू लागले आणि बोट अडलं. चौथ्या ऋचेकडे जायचं तिथे बाबा पहिलीकडे वळले होते. तिन्ही पुन्हा म्हणून, काही झालंच नाही अशा सुरात, मग पुढे गेले. पंधरा दिवस हेच एडिट करत होते मी! मागच्याच महिन्यात गॅस चालू ठेवून बाबा घाटावर गेले होते, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मी ती चार मिनिटं कापली. ओठांचा सांधा दिसू नये म्हणून तिथे हातांचं चित्र लावलं. लबाडीच होती, कबूल. पण उद्या बाबांचे गुरुबंधू येणार होते. हे काका म्हणजे समोर कोणीही असो, चूक झाली की मांडीवर थाप मारून तिथल्या तिथे थांबवणारे. त्यांच्या कानावर हे गेलं तर बाबांना पारायणाला कोण बोलावणार, आणि पारायण नसेल तर बाबा दिवसभर करणार काय? रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे पडद्यासमोर सतरंजीवर बसले. बाबांना स्वतःचे एवढाले ओठ बघून हसू फुटलं. "अगं, पान तरी थुंकून ये म्हणायचंस!" मग ते पडद्याबरोबर म्हणू लागले. कानावर मंत्र पडल्यावर वैदिक गप्प बसेल का? एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आली का पंचाईत!

तिसरी ऋचा संपली. पडदा चौथीकडे गेला. बाबा पहिलीकडे वळले. मागे कोणीतरी "वाह, लाइव्ह भी है!" म्हणालं.

बाबा थांबले, पडद्याकडे बोट करून काकांना म्हणाले, "हे बघ, गडबड झाली. हा पुढेच पळाला!"

मी काकांच्या हाताकडे बघत होते. थाप पडू दे, रागावू दे, म्हणजे ही नेहमीसारखी साधी चूक ठरेल, असं मनात घोकत होते. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात मांडीवर तसाच राहिला.

"हो रे, मशीनच चुकलं," ते म्हणाले. "तू म्हण."

आणि आयुष्यात कुणाची एका मात्रेची चूकही न सोडलेले काका डोळे मिटून बाबांबरोबर पहिली ऋचा पुन्हा म्हणू लागले. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.