गोरख पेंटरचा सावळाराम

निमगाव सावाचा गोरख पेंटर दोन वर्षं एका ऐंशी वर्षांच्या बाईला भिऊन जगला. साळुबाईची काठी अंगणात वाजली की हा मागच्या दारानं टोमॅटोच्या वावरात पसार! गाव त्यावर काय काय बोलायचं. त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं. पण खरं कळलं तेव्हा माझी मला लाज वाटली, इतकं ते माझ्या थापांपेक्षा सरस होतं.

गोरख सोळा वर्षांचा असताना पारावर जो सापडेल त्याला पेन्सिलीनं कागदावर उतरवायचा. कान त्याला जमत नसत, म्हणून सगळ्यांचं मुंडासं कानांवर ओढलेलं. त्यात साळुबाईचा नवरा सावळाराम होता. फोटोनं आयुष्य घटतं म्हणून त्यानं जन्मात फोटो काढू दिला नाही. आयुष्य तसंही घटलंच. येडगावच्या धरणात पाण्याची मोटार काढायला उतरला, तो वर आला नाही. मागं राहिलं ते हे एकच चित्र.

दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी गोरखनं घरोघरची आपली चित्रं मागून आणली आणि गठ्ठा खाटेखाली सरकवला. त्याच हंगामात टोमॅटोला सोन्याचा भाव. दारात टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि क्रेटच्या तळाला घालायची रद्दी संपलेली. गोरखनं खाटेखाली हात घातला, लागलं ते अंथरलं. गावातली अकरा जुनी माणसं टोमॅटोखाली आडवी होऊन वाशीच्या बाजाराला गेली!

दहा घरांना त्यानं जुने फोटो मोठे करून दिले. लोक उलट खूश झाले. अकराव्या, साळुबाईच्या घरी फोटोच नव्हता. ती चित्र मागायला आली आणि हा सापडलाच, तर म्हणायचा,

"फ्रेमला दिलंय, आत्या."

"आरं, फ्रेम करतोय का माडी बांधतोय?"

शेवटी तो दार लावून सावळाराम पुन्हा काढायला बसला. पण तीस वर्षं निवडणुकीच्या भिंती रंगवलेला हात तो! सावळाराम उतरायचा गोरापान, हसरा, आत्ता हात जोडेल असा. एकदा मी खिडकीतून डोकावलो.

"गोरख, ह्याला निशाणी कुठली दिलीस?"

तेव्हा त्यानं सगळं ओकलं. "तात्या, त्या वयात येत नव्हतं म्हणून खरं उतरायचं. आता येतंय तर माणूसच न्हाई येत."

मग डाव्या हातानं काढून बघितलं. डोळे मिटून बघितलं. चौदावं चित्र बरं वाटलं, तेव्हा कागद चहात बुडवून, वाळवून, साळुबाईच्या हातात ठेवला. तिनं तो नाकाशी नेला.

"गोरक्या, ह्याला चहाचा वास येतोय."

त्यानं मान खाली घालून टोमॅटोचं, वाशीचं सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी आता काठी घालते. ती उंबऱ्यावर बसली.

"मंग काढ परत. मला समदं ठावं हाय. मी सांगते तसं काढ."

तेव्हापासून रोज दुपारी ती उंबऱ्यावर आणि गोरख आत. मागच्या दाराला कडी, पुढची वाट तिनं अडवलेली. "भुवया दाट कर. तू काढत व्हतास तवा ते तुला शिव्या देत व्हते, तोंड मिटवू नगंस." मग कुठली शिवी, का दिली, तिथून लग्नापर्यंत जायची. टोमॅटोची तोडणी राहिली, गोरखची बायको माहेरी जायच्या धमक्या द्यायला लागली. आणि सोळाव्या वर्षी पोराची जी चूक व्हायची, ती आता साठीच्या हातानं मुद्दाम करायची!

परवा मी तिथंच होतो. एकतिसावं चित्र गोरखनं तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाणी प्यायला वळला. म्हातारीनं चित्राकडं बघितलं मात्र, आणि डोक्यावरचा पदर चटकन पुढं ओढला, नवऱ्यासमोर ओढतात तसा. जरा वेळानं तो मागं सारला.

"नाय रं," ती म्हणाली. "हनुवटी चुकली. उद्या येते."

ती गेल्यावर मी गोरखला पदराचं सांगितलं. पोटात राहतंय होय माझ्या? चित्र उचलून त्यानं इतर चित्रांच्या खाली, अगदी तळाला घातलं.

"तात्या, हे तुमी सांगायला नको व्हतं. आता हनुवटी मुद्दाम चुकवावी लागंल," तो म्हणाला आणि फळीला नवा कागद लावायला लागला.