तेरेरे म्हणजे पाणी नव्हे

डॉन सिंदुल्फोला चार दुखणी होती आणि चारही एकमेकांशी बोलत नसत. हृदय अशक्त, मूत्रपिंडात खडे, रक्तात साखर आणि डावा गुडघा कामातून गेलेला. तीस वर्षं याग्वारोन गाव ते राजधानी असुन्सिओन बस हाकली, त्यात क्लच दाबून दाबून गुडघा झिजला, असं तो म्हणे. त्याची बायको फिदेलिना म्हणे, तसं असतं तर सगळ्या ड्रायव्हरांचे गुडघे गेले असते. हा बस थांबवून कुठे कुठे उतरायचा, ते विचारा.

हृदयाचे डॉक्टर असुन्सिओनला बसत. त्यांनी सांगितलं, "दिवसाला दीड लिटर पाणी, थेंबही जास्त नको." खड्यांचे डॉक्टर त्याच शहरात, दोन रस्ते सोडून. ते म्हणाले, "तीन लिटर तरी प्या, नाहीतर पुन्हा खडा होईल आणि गुरासारखे ओरडाल." सिंदुल्फो सरळ माणूस. त्याने दोघांचा मान राखला, दोघांनाही हो म्हटलं आणि पाणी तहान लागेल तेवढंच पीत राहिला.

गुडघ्यासाठी औषधांच्या दुकानातली बाई लाल गोळी देई. गोळी घेतली की गुडघा गप्प बसे, पण घोटे सुजत. घोटे सुजले की हृदयाचे डॉक्टर लघवीची गोळी वाढवत. लघवीची गोळी वाढली की तोंडाला कोरड पडे, पायात गोळे येत आणि खडे तयार व्हायला मदत होई. एकदा कोणीतरी गुडघ्यात सुई मारली, तर आठवडाभर साखर छपराला टेकली. बाजारातली क्रेसेन्सियाबाई, जी पाळंमुळं विकते आणि गावातल्या निम्म्या बायकांचं पोटातलं ओळखते, तिने खड्यावर म्हणून घोडशेपूट आणि आणखी दोन पाले दिले. तेही लघवीचेच. आता मी काही वैद्य नव्हे, पण एका माणसाला दोन बाजूंनी पिळल्यावर त्याचं काय होणार ते सांगायला वैद्य कशाला हवा?

पिळूनही सिंदुल्फो फुगतच होता. बूट चढेनात. आडवा झाला की दम लागे, म्हणून तो खुर्चीतच झोपू लागला. हृदयाचे डॉक्टर चिडले.

"पाणी किती पिता?"

"दोन पेले. फार तर तीन."

"खरं सांगा."

"डॉक्टर, माझ्या आईची शपथ."

शपथ खोटी नव्हती. पाणी तो तेवढंच पीत होता. हृदयाच्या डॉक्टरांच्या कोपराजवळ बर्फाने घामेजलेला थर्मास होता, त्यांनी स्वतः मध्येच एक घोट घेतला आणि आणखी अर्धी गोळी वाढवून लिहिली.

सिंदुल्फोचा खरा दिवस लिबोरियोच्या पंक्चरच्या दुकानापुढे, आंब्याच्या सावलीत सुरू होई. टायर आडवे टाकून त्यावर बसायचं. लिबोरियो पाला कुटायचा, ग्वाम्पात, म्हणजे शिंगाच्या पेल्यात, येर्बाची वाळकी पानं भरायचा, वरून थर्मासमधलं थंडगार पाणी ओतायचा, की झालं तेरेरे. नळीने तळ गाठेपर्यंत ओढायचं आणि ग्वाम्पा परत द्यायचा. मग पुढच्याची पाळी. सकाळी एक गोल, जेवणाआधी एक, ऊन उतरल्यावर एक. गोलात कोणी "ग्रासियास", म्हणजे आभार, म्हणाला की त्याचं झालं, त्याला पुन्हा भरायचं नाही. आणि तो बहुतेक उठून जाई. गेला की त्याची पाठ वळायच्या आत बाकीचे त्याच्यावर सुरू होत. सिंदुल्फोला हे पक्कं ठाऊक होतं, कारण सुरुवात बहुतेक वेळा तोच करी. म्हणून तो कधीच आधी उठत नसे. बायको गेलेली चालेल, पण गोल जाता कामा नये, असं त्याचं होतं. हे त्याने फिदेलिनालाही सांगितलेलं होतं.

एका सकाळी तो गोलापर्यंत पोचायच्या आधीच दम लागून चर्चच्या पायरीवर बसला. फिदेलिनाने दंडाला धरून त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथे नवी डॉक्टर आली होती, मिर्ता ओकाम्पोस, विशीतून नुकती बाहेर पडलेली, व्हिलारिकाची. पंखा बंद, दाराबाहेर रांग. तिने सिंदुल्फोची छाती ऐकली, घोट्यावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग ती गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करून एकेक वाचू लागली. वाचता वाचता तिने, आपल्याकडे कोणीही करील तसं, ग्वाम्पा भरून त्याच्यापुढे केला.

सिंदुल्फोने तळ गाठून परत दिला. तिने भरला. त्याने परत दिला.

"पाणी किती पिता, डॉन सिंदुल्फो?"

"दोन पेले," तो नळी तोंडात धरूनच म्हणाला.

तिने गोळ्या वाचणं थांबवलं. ती नुसती भरत राहिली. तो ओढत राहिला, खिडकीबाहेरच्या बाईने पायात कोणाची चप्पल घातली असावी याचा अंदाज बांधत. थर्मास गुडगुडला, रिकामा झाला.

"आत्ता किती प्यालात?"

"कुठे काय प्यालो? सकाळपासून घोट नाही पाण्याचा."

"हा थर्मास मी तासाभरापूर्वी काठोकाठ भरला होता. माझे चार घोट झालेत."

"ते तेरेरे आहे, डॉक्टर."

"आणि तेरेरे कशाचं करतात? पेट्रोलचं?"

सिंदुल्फोला राग आला. "तेरेरे म्हणजे पाणी नव्हे. पाणी तहान लागल्यावर पितात."

फिदेलिनाने कपाळावर हात मारला. "अगं बाई, मीही कधी मोजलं नाही गं! हा दिवसाला असे दोन-तीन थर्मास रिचवतो आणि घरी येऊन म्हणतो, पाणी बेतानेच पिलं हो."

मिर्ताने तिथूनच असुन्सिओनला दोन्ही डॉक्टरांना फोन लावले. दोघे एकाच शहरात राहून कधी बोलले नव्हते. आता तिच्यामार्फत भांडले. फोन ठेवून तिने सरळ सांगितलं, "खडा रडवतो, हृदय मारतं. पहिलं हृदय. दिवसाला दीड लिटर, त्यात तेरेरे, सूप, दूध सगळं आलं. लाल गोळी बंद. क्रेसेन्सियाबाईंचा पाला बंद. खडा परत होऊ शकतो, झाला तर माझ्याकडे या. गुडघा दुखेल, त्यावर मी दुसरं काही देईन, पण ते लाल गोळीइतकं चालणार नाही."

सिंदुल्फोने हृदयाविषयी, खड्याविषयी काही विचारलं नाही. "गोलात किती मिळतील?"

"सकाळी चार. बाकीचे गोल विसरा."

"सहा."

"चार."

"पाच, आणि सूप सोडतो."

"डॉन सिंदुल्फो, मी बटाटे विकत नाही. चार."

दुसऱ्या दिवशी तो टायरवर बसला तेव्हा लिबोरियो होता, वेळेआधी पेन्शन घेतलेला हवालदार पोर्फिरियो होता आणि कोपऱ्यावरचा न्हावी होता. चार पाळ्या झाल्या. पाचवा ग्वाम्पा पुढे आला.

"ग्रासियास," सिंदुल्फो म्हणाला.

लिबोरियोचा हात हवेतच राहिला. "का रे? माझ्या हाताला वास येतो?"

"नाही रे."

"मग पाला कडू झाला?"

"सासुरवाडीचे पाहुणे आले असतील," पोर्फिरियो म्हणाला. "जा बाबा, जा. तुझं मागे काय करायचं ते आम्ही बघू."

खरं सांगावं तर दुखण्याची दया पदरात पडणार, न सांगावं तर उठावं लागणार. सिंदुल्फोने उठायचं ठरवलं. हात टायरवर टेकले, जोर लावला आणि गुडघ्याने नकार दिला. लाल गोळी बंद होती. त्याने पुन्हा जोर लावला, तोंड वाकडं केलं, पुन्हा बसला.

"उठतोयस की अंडी उबवतोयस?" न्हाव्याने विचारलं.

मग त्याने सांगून टाकलं. दीड लिटर, हृदय, गोळी, सगळं. पोर्फिरियोने ग्वाम्पा घेतला आणि तोंड नळीवर ठेवून तो गप्प झाला; बाकीचे दोघे आपली पाळी बघत होते. आता गोलात एक माणूस असा होता ज्याचं तोंड कायमचं मोकळं. आजवर अर्धा वेळ नळीत गुंतलेलं ते तोंड काय चीज आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"सांगायचं राहिलं," सिंदुल्फो म्हणाला. "बसमध्ये आरशातून मागचं सगळं दिसतं. पुढच्या सीटवर बसणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हर रस्ता बघतो."

न्हावी पुढे सरकला. सिंदुल्फोने सुरुवात केली, एक बाई इता गावाच्या वळणावर चढायची आणि एक माणूस तिच्याशी अनोळखी असल्यासारखा शेजारी येऊन बसायचा. माणसाच्या अंगावर गणवेश होता. बसचं तिकीट तो कधी काढत नसे, कारण गणवेशाला तिकीट नव्हतं.

पोर्फिरियोची नळी घरघरली. "लिबोरियो, याला एक भर रे! मी सांगतो, भर!"

"ग्रासियास म्हटलंय मी," सिंदुल्फो म्हणाला.

"अरे, एकाने काय होतं? माझ्या पाळीचा घे!"

"डॉक्टरने चार सांगितलेत. तू मला मारतोस काय?"

लिबोरियोने पोर्फिरियोच्या हातातून ग्वाम्पा घेतला, भरला, सिंदुल्फोला ओलांडून न्हाव्याच्या हातात दिला आणि स्वतःचा टायर अर्धा हात जवळ ओढला.

"बरं," तो म्हणाला, "आणि ती बाई उतरायची कुठे?"