सुरमईच्या बर्फावर पळालेलं ग्राफिक्स कार्ड

"कॉम्प्रेसर गेलाय," मी शिडीवरूनच सांगितलं. "नवीन उद्या येईल, वापीहून."

खाली दोघं उभी होती. जयंतीभाई शेठ, म्हणजे स्टुडिओचे मालक, आणि ऋतुजा, म्हणजे त्या स्टुडिओत खरं काम करणारी एकमेव व्यक्ती. दोघांनीही एसीकडे बघितलं नाही. दोघं टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत होती. माझा जरा अपमानच झाला. बोलावलं एसीसाठी आणि काळजी दुसऱ्याचीच.

मी शिरगावचा राऊत. तारापूर एमआयडीसीत एकतीस वर्षं चिलिंग प्लांट सांभाळले. आता रिटायर झालोय आणि बोईसरमध्ये एसी-फ्रीजची कामं करतो, कारण घरी बसलो की बायको मला वाडीतली झावळं ओढायला लावते. ऋतुजा माहीमची, मुंबईच्या नव्हे, आमच्या इकडच्या. वडिलांच्या पानवेली आहेत, पण हिचा जीव कॉम्प्युटरमध्ये. कारखाना बांधून झाल्यावर कसा दिसेल त्याची फिल्म ती आधीच बनवून देते.

त्या दिवशी चार वाजता एका केमिकल कंपनीचे साहेब फिल्म बघायला येणार होते. फिल्म तयार होत होती, पण अजून पूर्ण व्हायची होती. कॉम्प्युटर ती एकेक चित्र रंगवून बनवतो, त्याला रेंडर म्हणतात. रंगवण्याचं काम करतं ग्राफिक्स कार्ड, आणि ते करताना ते तापतं. फार तापलं की जीव वाचवायला आपोआप मंद होतं. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याखालची खोली, एसी बंद. कार्ड मंद झालं होतं आणि स्क्रीनवर लिहून येत होतं की काम साडेसहाला संपेल.

"दुसऱ्या एसी खोलीत उचलून न्या की," मी म्हटलं.

ऋतुजा म्हणाली, "बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागेल, काका. आणि नुसतं थंड करूनही भागत नाही. नेहमीच्या वेगाने पावणेपाच होतात. ओव्हरक्लॉक करायला हवं."

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त पळवायचं. पळवता येतं, पण मग ते आणखी तापतं. म्हणजे आधी भरपूर थंडावा पाहिजे. ही गोष्ट माझ्या हद्दीतली होती, त्यामुळे मी शिडीवरून खाली उतरलो.

शेठनी मग खरी गोष्ट सांगितली. चारला फिल्म दिसली नाही तर काम मुंबईच्या पार्टीला जाणार. हे काम गेलं तर स्टुडिओ बंद करून जागा क्लासवाल्याला भाड्याने द्यायची, हे त्यांनी ठरवलंच होतं. ऋतुजाला घरून ये-जा करता येईल अशी ही एवढीच नोकरी होती. नाहीतर पानं खुडायची होतीच.

"राऊतभाई, मला थंडी पायजे," शेठ म्हणाले. "कुठून आणते ते मला सांगू पण नका."

हे वाक्य त्यांचं आहे. मी नंतर बऱ्याच लोकांना ते साक्षीसारखं सांगितलंय.

आमच्या धंद्यातलं पहिलं सत्य असं की थंडी नावाची वस्तूच नसते. आपण फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. माझ्या टेम्पोत जुन्या वॉटर कूलरची तांब्याची कॉइल होती, आणि कूलरमध्ये बसतो तसला छोटा पंप होता. बर्फाचं पाणी पंपाने कॉइलमधून फिरवायचं, कॉइलमागे टेबलफॅन लावायचा, पुढे पुठ्ठ्याचा बोगदा करून गार वारा थेट कार्डावर सोडायचा. कॉइलला घाम येतो, म्हणून तिच्याखाली ताटली. झालं.

राहिला बर्फ. बर्फाची गाडी सकाळीच येऊन गेली होती. त्या वेळी बाजारात जो काही बर्फ होता तो माशांच्या अंगाखाली होता. बिल्डिंगसमोर घिवली गावची हिराबाय मासे विकायला बसते. तिचा घरचा फ्रीज मी दोनदा जिवंत केला होता, म्हणून तिच्याकडे गेलो. तिच्याकडे बोटीवरची मोठी निळी पेटी होती, बर्फाने काठोकाठ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेटी द्यायला तयार झाली, पण पेटीच्या तळाला एक हातभर सुरमई होती. ती विकायची नव्हती. संध्याकाळी तिच्याकडे व्याही जेवायला यायचा होता.

"पेटी न्या," हिराबाय म्हणाली. "पन सुरमय त्यातच ऱ्हाईल. आनि चारच्या रिक्षेला मला परत पायजे."

इथे एक अडचण होती. स्टुडिओच्या दारावर पाटी आहे, 'आत अंडे आणू नये.' ऋतुजा बोंबलाची चटणी जिन्यात बसून खाते. पण शेठनीच सांगितलं होतं की सांगू नका. मी सुरमई प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधली, पेटी वर चढवली आणि तिच्यावर टेबलक्लॉथ टाकला. ऋतुजाला सांगितलं. ती पाचेक सेकंद डोळे मिटून उभी राहिली आणि मग म्हणाली, "चालू करा."

चालू केलं, आणि कमाल झाली. कार्ड चौऱ्याऐंशीवरून अठ्ठावन्न डिग्रीवर आलं. ऋतुजा जपून जपून वेग वाढवत गेली. संपायची वेळ पावणेपाच झाली, मग सव्वाचार, मग पावणेचार. शेठ इतके खूश झाले की येता-जाता पेटीवर हात फिरवायला लागले. मी उदबत्ती लावली. शेठना वाटलं, मी श्रद्धाळू आहे.

बर्फ भराभर वितळत होता, म्हणून हिराबाय अधूनमधून घमेलंभर बर्फ घेऊन यायची. मागच्या जिन्याने. आता मासळीवालीची एक सवय असते. पेटी उघडली की ती नुसता बर्फ टाकून जात नाही. मासा चाचपते, उलटा करते, त्याच्या अंगाखाली बर्फ सारते. हे मला माहीत असायला हवं होतं. शिरगावात जन्म काढला मी.

पावणेतीनला तापमान चढायला लागलं. साठ, सदुसष्ट, पंचाहत्तर. पंप घरघरत होता पण पाणी येत नव्हतं. पेटी उघडली तर पिशवी एका बाजूला, सुरमई मोकळी, आणि पंपाच्या तोंडात माशाच्या पोटातलं काहीतरी अडकलेलं. कॉलेजात आम्हाला पंप का अडतो याची सोळा कारणं शिकवली होती. त्यात हे नव्हतं.

नशिबाने शेठ पाहुण्यांसाठी फरसाण आणायला खाली गेले होते. हिराबाय अजून तिथेच होती. मी विचारलं, पिशवी का सोडली?

"पिशवीत कोंडून ठेवला तर मासा वास मारतो," ती म्हणाली. "तुमाला एवढं बी म्हाईत नाय?"

वाद घालायला वेळ नव्हता. ऐंशी झाले होते. पंप साफ केला, पण पुन्हा अडणार हे दिसत होतं. तोंडाला गाळणी हवी होती. मी बूट काढला आणि पायमोजा काढायला लागलो. हिराबायने माझा हात धरला. तिच्या व्याह्याच्या सुरमईशेजारी माझा पायमोजा जाणार नाही, हे तिने ज्या शब्दांत सांगितलं ते इथे लिहिता येणार नाहीत. मग तिनेच कमरेची जाळीची पिशवी काढली, पंपाभोवती दोनदा गुंडाळली आणि मच्छीमारांची गाठ मारली. जाळं मासा पकडायला लावतात. मासा येऊ नये म्हणून लावलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

पाणी सुरू झालं. पण मधल्या वेळात कार्ड पुन्हा मंद पडलं होतं, आणि स्क्रीनवर आता चार वाजून दोन मिनिटं दिसत होती. ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी हिराबायच्या घमेल्यात उरलेला सगळा बर्फ पेटीत ओतला. तिने वेग आणखी एक पायरी वर नेला. खरं सांगतो, एमआयडीसीत अमोनियाची गळती झाली होती तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

तीन अठ्ठावन्नला फिल्म पूर्ण झाली. चारला साहेब आले. एक नाही, तिघे. खुर्च्या तीनच. शेठनी तिन्ही पाहुण्यांना दिल्या आणि मला काही कळायच्या आत स्वतः पेटीवर बसले.

फिल्म सुरू झाली. कारखान्याचं गेट उघडलं, बगीचा आला, टाक्या आल्या. साहेब माना डोलवत होते. शेठ मांडी घालून प्रसन्न बसले होते. मी आणि ऋतुजा भिंतीला पाठ लावून घड्याळाकडे बघत होतो. चार वाजून बारा मिनिटं झाली.

मागचं दार उघडलं आणि हिराबाय आत आली.

"शेट, जरा उठा," ती म्हणाली. "रिक्षा भरलीय. माजी सुरमय हाय तुमच्या खाली."

शेठना ते समजायला वेळ लागला. मग ते उठले, अगदी सावकाश. हिराबायने टेबलक्लॉथ बाजूला सारला, कोपरापर्यंत हात घातला आणि सुरमई बाहेर काढली. कल्ला उचलून बघितला, डोळा बघितला. "कडक ऱ्हायलीय," असं मला म्हणाली, जणू माझ्या कामाचा रिपोर्ट देत होती. मासा काखोटीला मारून निघून गेली. पेटी उद्या पाठवा म्हणाली.

स्क्रीनवर कारखान्यावर सूर्य मावळत होता. शेवटी मोठे साहेब म्हणाले की टाक्यांचा रंग बदला, बाकी उत्तम. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही बाई रोज कुठे बसते.

काम मिळालं. ऋतुजाची नोकरी राहिली. मला मनापासून आनंद झाला, तो मी चेहऱ्यावर आणला नाही, कारण शेठ अजून उभेच होते.

"राऊतभाई," ते हळूच म्हणाले, "सकाळपासून होती?"

"अकरापासून."

"मी हात फिरवला तिच्यावर."

"हो. बऱ्याचदा."

शेठ अंघोळीला घरी गेले. आठवडाभर माझा फोन उचलला नाही. मग स्वतःच फोन करून दोन नवे एसी लावून घेतले, एक चालू आणि एक राखीव. दारावरच्या पाटीखाली आता दुसरी ओळ आहे, ऋतुजाच्या अक्षरात: 'बसण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे.'

मी वर म्हटलं तेच खरं. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. त्या दिवशी मी ती कार्डातून काढली आणि बर्फात टाकली. तिथून ती सव्वाचारच्या सुमाराला शेठच्या डोक्यात गेली. व्याही मात्र जेवून तृप्त झाला, असं कळलं.